मोलॅरिटीची गणितं जमत नसतील तर फॉर्म्युला बाजूला ठेवा, आधी मोल काढा

अकरावी सायन्सचा पहिला धडा संपतो तोवर सगळं मजेत असतं. मोल म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण, पाठ झालं, पुढे चला. गाडी अडकते ती "अमुक मिली, ०.१ मोलर द्रावण" (म्हणजे लिटरला ०.१ मोल) असं काही आलं की, आणि मग अडकते ती बारावीच्या प्रॅक्टिकलपर्यंत, कधीकधी बीएस्सीपर्यंत. मी नागपुरातच बीएस्सी केलं, आता बुटीबोरीकडच्या एका क्यूसी (क्वालिटी कंट्रोल, मालाची तपासणी) लॅबमध्ये आहे आणि संध्याकाळी नंदनवनला घरीच अकरावी-बारावीच्या काही पोट्ट्यांना केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे हा विषय पेपरातला पण बघितलाय आणि बाटलीतला पण. नवीन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, यात फॉर्म्युला कोणता लागते?" माझं उत्तर पण ठरलेलं, आधी मोल काढ, मग बोलू.

कारण असं आहे की ग्रॅम, मिली, मोलॅरिटी, गॅसचं व्हॉल्यूम, कणांची संख्या, हे सगळे एकमेकांशी थेट बोलत नाहीत. आपल्या मेट्रोसारखंच आहे, खापरीहून लोकमान्य नगरला जायचं असेल तर सीताबर्डीला उतरून लाइन बदलावीच लागते, दुसरा मार्ग नाही. इथे सीताबर्डी म्हणजे मोल. ग्रॅमवरून आलात तर मोलर मासने (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) भागा आणि मोलवर या, द्रावणाच्या मिलीवरून आलात तर मोलॅरिटीने गुणा आणि मोलवर या. उतरल्यावर रिअॅक्शनचं समीकरण बघून प्रमाण लावा, आणि मग जिकडे जायचं तिकडे जा.

एक सोय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या, लिटरमध्ये करूच नका. मोलॅरिटी गुणिले मिली बरोबर मिलिमोल (मोलचा हजारावा भाग), आणि मोलर मास ग्रॅममध्ये जेवढा तेवढेच मिलिग्रॅम एका मिलिमोलला. २५ मिली ०.१ मोलर म्हणजे २.५ मिलिमोल, संपलं. ०.०२५ लिटर वगैरे लिहीत बसलं की शून्य इकडचं तिकडे होतं आणि बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर नसतो हे लक्षात असू द्या.

आता व्याख्या. एक लिटर द्रावणात किती मोल द्राव्य, ती मोलॅरिटी. द्रावणात, पाण्यात नाही. वाचताना सगळ्यांना कळतं पण करताना पोट्टे बीकरमध्ये एक लिटर पाणी घेतात आणि त्यात पदार्थ टाकतात. साखरेने बघा, एक मोल साखर म्हणजे ३४२ ग्रॅम, ती एक लिटर पाण्यात टाकली तर सगळं मिळून १ लिटर २०० मिलीच्या आसपास भरतं, म्हणजे मोलॅरिटी १ नाही आली, ०.८ च्या थोडी वर आली. म्हणून तो लांब मानेचा स्टँडर्ड फ्लास्क असतो, आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं, फनेल धुवून धुवून सगळं आत न्यायचं आणि मग मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी, शेवटचे काही थेंब ड्रॉपरनेच.

त्या फ्लास्कवर बारीक अक्षरात तापमान लिहिलेलं असतं ते कोणी वाचत नाही. आपल्याकडे बऱ्याचदा २७ अंश सेल्सिअस असतं, काहींवर २०. नागपूरच्या मे महिन्यात बिना एसीच्या लॅबमध्ये ४० च्या पुढे पारा गेलेला असतो, म्हणजे २७ ला बरोबर ०.१००० मोलर बनवलेलं द्रावण ४० ला फुगून ०.०९९६ होतं. बारावीच्या प्रॅक्टिकलला याने काही फरक पडत नाही, टेन्शन घेऊ नका, पण मोलॅरिटी तापमानावर अवलंबून असते आणि मोलॅलिटी नसते हे वाक्य जे तुम्ही घोकता त्याचा अर्थ हा आहे, मोलॅलिटी म्हणजे एक किलो द्रावकात किती मोल, तिथे वजन असतं आणि वजन काही उन्हाळ्यात वाढत नाही.

उन्हाळ्याचं निघालंच तर ओआरएसचं पाकीट घ्या, घरोघरी असतंच. यापेक्षा चांगलं मोलॅरिटीचं गणित मला तरी पुस्तकात सापडलं नाही. डब्ल्यूएचओच्या २००२ पासूनच्या फॉर्म्युल्यात एका लिटरसाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम असतं. ग्लुकोज सोपं, १३.५ भागिले १८० म्हणजे ७५ मिलिमोल. पोटॅशियम १.५ भागिले ७४.५, म्हणजे २०. सोडियमला मात्र गंमत आहे, ते दोन ठिकाणाहून येतं, मिठातून २.६ भागिले ५८.५ म्हणजे ४४.४ आणि सायट्रेटमधून २.९ भागिले २९४ म्हणजे साधारण १०, पण सायट्रेटच्या एका मोलमधून सोडियम तीन निघतात म्हणून ३० धरा. बेरीज ७५ च्या जवळ, आणि पाकिटावर सोडियम ७५ मिलिमोल प्रति लिटर असंच छापलेलं असतं. हे तीनने गुणायचं जे आहे ना, नीटच्या पेपरात अर्धे लोक इथेच गळतात, कारण पदार्थाची मोलॅरिटी वेगळी आणि त्यातल्या आयनची (चार्ज असलेल्या कणांची) वेगळी.

यात एक चेक पण फुकट मिळतो. प्लस चार्ज आणि मायनस चार्ज सारखे यायला पाहिजेत. सोडियम ७५ अधिक पोटॅशियम २०, झाले ९५. क्लोराइड मिठातलं आणि पोटॅशियम क्लोराइडमधलं मिळून ६५, सायट्रेट १० पण त्याच्यावर चार्ज तीन म्हणून ३०, हे पण ९५. जुळलं. आयनची कॉन्सन्ट्रेशन विचारलेलं कुठलंही गणित असो, शेवटी ही बेरीज करून बघायची, अर्धा मिनिट लागतो. आणि हो, ते पाकीट एका लिटरचं असेल तर एका लिटरातच टाकायचं, अर्ध्या लिटरात टाकलं की सोडियम १५० होतं, आणि उलट्या-जुलाबाच्या पेशंटला, त्यातही लहान लेकराला, ते चांगलं नाही.

आता त्या बदनाम फॉर्म्युल्याकडे, एम१व्ही१ बरोबर एम२व्ही२ (एम म्हणजे मोलॅरिटी, व्ही म्हणजे व्हॉल्यूम, १ आधीचं, २ नंतरचं). तो वाईट नाही, फक्त त्याचं काम एकच, डायल्यूशन, म्हणजे द्रावण पातळ करणं. पाणी टाकलं तरी मोल तेवढेच राहतात एवढंच तो म्हणतो. कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या बाटलीवर ३७ टक्के आणि डेन्सिटी १.१९ लिहिलेलं असतं. एक लिटर म्हणजे ११९० ग्रॅम, त्याच्या ३७ टक्के ४४० ग्रॅम, भागिले ३६.५, आलं १२ मोलर. मला ५०० मिली ०.१ मोलर पाहिजे म्हणजे ५० मिलिमोल, भागिले १२.०६, तर ४.१५ मिली अॅसिड. ते पाण्यात टाकायचं, पाणी त्याच्यात नाही, आणि फ्यूम हूडमध्येच.

हाच फॉर्म्युला टायट्रेशनला (एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून मोलॅरिटी काढतात त्याला) लावला की सत्यानाश. बारावीचं नेहमीचं घ्या, ब्युरेटमध्ये (खुणांची, खाली तोटी असलेली नळी) पोटॅशियम परमँगनेट आणि कॉनिकल फ्लास्कमध्ये १० मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिक अॅसिड. रीडिंग आलं ९.८ मिली. पोट्टा लगेच १० गुणिले ०.०५ भागिले ९.८ करून ०.०५१ लिहून मोकळा, आणि मग विचारते, "ताई, हे काऊन चुकून राहिलं?" मोलवरून चला. ऑक्झॅलिक अॅसिड ०.५ मिलिमोल. समीकरणात दोन परमँगनेटला पाच ऑक्झॅलिक लागतात, म्हणून परमँगनेट ०.५ गुणिले २ भागिले ५, म्हणजे ०.२ मिलिमोल. ते ९.८ मिलीत होतं, तर ०.०२०४ मोलर. अडीच पटीचा फरक, आणि ते अडीच कुठून आलं हेही दिसतं. जुने सर नॉर्मॅलिटीने (मोलॅरिटी गुणिले एन-फॅक्टर) करायचे, एन१व्ही१, तिथे हे प्रमाण एन-फॅक्टरच्या (रिअॅक्शनमध्ये एका मोलमागे किती मोल इलेक्ट्रॉनची किंवा एच-प्लसची देवाणघेवाण होते तो आकडा) आत लपलेलं असतं म्हणून उत्तर बरोबर येतं. नीटला ते फास्ट पडतं, वापरा, पण एन-फॅक्टर रिअॅक्शनप्रमाणे बदलतो. परमँगनेटचा अॅसिडमध्ये ५, न्यूट्रलमध्ये ३. हे माहीत नसताना वापरणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

या टायट्रेशनला हात लावणारच असाल तर दोन-चार गोष्टी. ऑक्झॅलिक अॅसिड जे बाटलीत असतं ते डायहायड्रेट, म्हणजे एका रेणूसोबत पाण्याचे दोन, मोलर मास १२६. पाण्याशिवायचा ९० धरून तोललं तर २५० मिली ०.०५ मोलरसाठी १.५७५ ऐवजी १.१२५ ग्रॅमच घ्याल आणि द्रावण ०.०३५७ मोलर होऊन बसेल, मग रीडिंग कितीही सुंदर येवो. फ्लास्कमध्ये डायल्यूट सल्फ्युरिक अॅसिड टाकायचं, हायड्रोक्लोरिक चालत नाही कारण परमँगनेट क्लोराइडलाच खातं, नायट्रिक तर स्वतःच ऑक्सिडायझर. ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचं, उकळू द्यायचं नाही. पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जाता जात नाही, नवीन पोरं तिथेच एंड पॉइंट (रिअॅक्शन पूर्ण झाल्याची खूण) समजून ब्युरेट बंद करतात. थांबा, हलवत राहा, थोडं मँगनीज आयन तयार झालं की तेच पुढची रिअॅक्शन पळवतं आणि मग थेंब पडताच रंग उडतो. आणि एवढ्या गडद रंगात मेनिस्कसची (द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची) खालची कड दिसतच नाही, वरची कड वाचायची, सुरुवातीलाही आणि शेवटीही.

सोडियम हायड्रॉक्साइडचं वेगळंच. २५० मिली ०.१ मोलरला हिशोबाने बरोबर १ ग्रॅम लागतं, पण जुलैत आपल्याकडे ते पेलेट वॉच ग्लासवर ठेवून बॅलन्सकडे बघेपर्यंत ओले होऊन चिकटतात, आकडा डोळ्यांसमोर वाढत जातो, वर हवेतला कार्बन डायऑक्साइड पण ओढतात. म्हणून ते अंदाजे बनवायचं आणि ऑक्झॅलिक अॅसिडने टायट्रेट करून खरी मोलॅरिटी काढायची. ०.१ म्हणून लेबल लावलेल्या बाटलीत ०.०९६ असू शकतं आणि त्यात काही वावगं नाही, लेबलवर ०.०९६ लिहा म्हणजे झालं.

लिमिटिंग रिएजंटची (रिअॅक्शनमध्ये जो पदार्थ आधी संपतो त्याची) गणितं पण याच रस्त्याने जातात, फक्त दोन्हीकडचे मिलिमोल काढायचे. ५० मिली ०.१ मोलर लेड नायट्रेट, ५ मिलिमोल. ५० मिली ०.१६ मोलर पोटॅशियम आयोडाइड, ८ मिलिमोल. एका लेडला दोन आयोडाइड, म्हणजे १० पाहिजे होते, आहेत ८, आयोडाइड आधी संपणार. पिवळं लेड आयोडाइड ४ मिलिमोल, गुणिले ४६१, म्हणजे १.८४ ग्रॅम. उरलेलं लेड १ मिलिमोल, पण आता द्रावण १०० मिली झालंय, त्यामुळे ०.०१ मोलर. ५० ने भागणारे दरवर्षी निघतात.

नोकरीसाठी विचार करत असाल तर पाण्याची हार्डनेस टेस्ट (त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते बघणं) हातात बसवून घ्या. आपल्या शहरात नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून आहे, बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत कंपन्या आहेत, पाणी तपासणं कुठेही लागतंच. ५० मिली सॅम्पल, अमोनिया बफरने पीएच १०, एरिओक्रोम ब्लॅक टी या इंडिकेटरचा वाइन रेड रंग, वरून ०.०१ मोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं रसायन), निळा झाला की थांबा. इथे प्रमाण एकास एक, आणि हार्डनेस कॅल्शियम कार्बोनेटमध्ये मोजतात, त्याचा मोलर मास १००, म्हणून ईडीटीएचा एक मिली म्हणजे बरोबर एक मिलिग्रॅम. कुणाच्या बोअरवेलच्या पाण्याला १४.२ मिली लागलं तर ५० मिलीत १४.२ मिलिग्रॅम, लिटरला २८४. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं आहे, म्हणजे हे मधलं. बादलीवर पांढरे थर बसतात ते याचेच. इंटरव्ह्यूत फ्रेशरला हमखास "०.१ नॉर्मल अमुक कसं बनवशील" हे विचारतात, आणि तिथे नुसतं उत्तर नको असतं, बाटलीवरचे टक्के आणि डेन्सिटी तू मागतो का ते बघतात.

प्रॅक्टिससाठी हे करून बघा. ५ मिली व्हिनेगर १०० मिलीपर्यंत डायल्यूट केलं, त्यातून पिपेटने १० मिली घेतलं, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ४.२ मिली लागलं, मूळ व्हिनेगर किती मोलर? ०.८४ आलं पाहिजे. ०.०४२ येत असेल तर डायल्यूशन परत फिरवायचं राहिलंय, मिलिमोल कुठल्या भांड्यातले मोजले ते एकदा लिहून बघा.