हँग होणारा गेमिंग पीसी: फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

पीसी हँग झाला की आमच्याकडची पोरं पहिलं काय करतात? विंडोज फॉरमॅट. पुन्हा हँग झाला, पुन्हा फॉरमॅट. तिसऱ्या वेळी माझा फोन वाजतो. फोंड्यात ओळखीपाळखीतल्यांचे पीसी जोडून देण्याचा मला नाद आहे, आणि हे एकच रडगाणं ऐकून कान किटलेत.

मुळात 'हँग' म्हणजे काय ते तरी बघा. स्क्रीन थिजली की कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? तसं असेल तर आतली यंत्रणा बहुधा जिवंत आहे, अडकलाय तो गेम नाहीतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून बघा, ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दिवा ढिम्म हलत नाही आणि स्पीकर एकाच सुरात घरघरतोय, तर माझा हात आधी रॅमकडे जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका दमात पाच गोष्टी बदलणं. एका चवथीला बहिणीकडे डिचोलीला गेलो होतो. दारातच भाचा म्हणाला, "मामा, ग्राफिक्स कार्ड गेलं. नवं घ्यावं लागणार." म्हटलं, तू आतापर्यंत काय काय केलंस? एका संध्याकाळीत पठ्ठ्याने ड्रायव्हर बदलला, बायॉस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट केला, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नवी लावली, विंडोज टाकलं. दोन दिवस पीसी नीट चालला, मग पुन्हा हँग. दोन दिवस कशामुळे चालला? "काय माहीत!" रॅम वाढवल्याचं मात्र त्याने सांगितलंच नाही, ते मी कॅबिनेट उघडल्यावर दिसलं. जुन्या दोन आठ जीबीच्या पट्ट्या, शेजारी नंतर घेतलेल्या तशाच दोन. डीडीआर४, वेग ३६००, चारही एक्सएमपीवर, म्हणजे बायॉसमधल्या जास्त वेगाच्या तयार सेटिंगवर.

"पण मामा, मॉडेल नंबर सेम आहे!" असू दे. एकाच नंबराच्या पट्ट्यांत आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. कंपनी एका खोक्यातली जोडी एकत्र तपासते, दोन खोकी एकत्र करून नाही. आणि खोक्यावरचा ३६०० हा आकडा म्हणजे ओव्हरक्लॉकच, नेहमीच्या वेगापेक्षा जास्त; चार पट्ट्यांना तो झेपेलच असं नाही.

रात्री पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावलं. दीडच्या सुमारास पाऊस आला आणि लाइट गेली. सकाळी आरती आटोपून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत चुका दाखवणाऱ्या लाल ओळी. एक्सएमपी बंद केलं, चार फेऱ्या स्वच्छ. मग एक्सएमपी चालू ठेवून फक्त जुनी जोडी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवली, तरी स्वच्छ. म्हणजे काहीच बिघडलं नव्हतं! कार्ड धडधाकट आहे हे ऐकून भाच्याचं तोंड पडलं ते विसर्जनापर्यंत.

तेव्हापासून माझी सवय: शेजारी वही, एक बदल, मग दोन तास तोच गेम. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला तरी ठाऊक नाही.

बाकीच्या चुका झटपट.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लगेच नवा पॉवर सप्लाय मागवू नका. पीसी नीट बंद झाला नाही, एवढंच ते सांगतं; तुम्हीच बटण दाबून धरलं होतंत. 'व्हिया-लॉगर' (WHEA-Logger) ही नोंद दिसली तर मात्र हार्डवेअरकडे बघा.

ग्राफिक्स कार्डाला आठ पिनच्या दोन जागा असतील तर दोन वेगळ्या केबल लावा. एकाच केबलची दोन तोंडं खुपसणं हा निव्वळ आळस.

कूलरखालचं प्लास्टिक काढलंत का? हसू नका. न काढलेलं मी दोनदा पाहिलंय.

रायझेन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत मुद्दाम जातात, ते बघून घाबरू नका. पण इंटेलचा १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल तर बायॉस अपडेट कराच. चुकीच्या व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत असल्याचं इंटेलनेच २०२४ मध्ये मान्य केलं. फक्त बाहेर गडगडत असताना यूपीएसशिवाय अपडेट सुरू करू नका.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. जुन्या कौलारू घरांत हे हमखास. पीसी राहू दे, आधी वायरमनला बोलवा.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी रॅम काढून तिचे सोनेरी दात एकदा बघावेत. खाऱ्या, दमट हवेत त्यांवर मळकट थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने हलकेच पुसा. खोडरबराचा जुना उपाय मला आवडत नाही. त्याचा चुरा खाचेत जातो.

आणि डीडीआर५चा नवा पीसी पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहिली, तर तो हँग नाही. रॅम जुळवून घेत असते. बटणावरचं बोट काढा आणि चहा टाका.