कंटेनरसाठी सायकली बांधताना

न्यू जर्सीत ‘पेडल्स फॉर प्रोग्रेस’ ही संस्था १९९१ पासून वापरलेल्या सायकली गोळा करून परदेशी पाठवते. सायकली गोळा करण्याचं काम बहुतेक वेळा एखाद्या क्लबच्या नाहीतर शाळेच्या पार्किंगमध्ये, शनिवारी सकाळी होतं. तिकडच्या एखाद्या मराठी मंडळानेही असा दिवस घ्यायला हरकत नाही. त्यासाठीची ही तयारी.

चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ४५० ते ५०० सायकली मावतात. त्यांचं वजन भरतं सहा-सात टन, म्हणजे कंटेनरला झेपेल त्याच्या जेमतेम पाव. जागा आधी संपते आणि भाडं पूर्ण कंटेनरचं पडतं. ही जागा खातात आडवं हँडल आणि बाहेर आलेली पायडलं, म्हणून दिवसभराचं खरं काम या दोनांचंच.

चार तासांत १०० सायकली उरकायला १४ माणसं पुरतात: दारावर २, पायडलांवर ४, हँडल-सीटवर ३, बांधायला २, रचायला ३. पायडलांवर माणसं जास्त का, ते पहिल्याच गंजक्या सायकलीला कळतं. लहान मुलांना पाने-हत्यारं देऊ नका; सुतळी कापणं, नंबर लावणं ही कामं त्यांना आवडतात. हत्यारांत १५ मिमीचे लांब दांड्याचे चार पाने, तसंच ५ आणि ६ मिमीच्या अॅलन की (षटकोनी चाव्या), जुन्या हँडलांसाठी १३ मिमीचा पाना, रबरी हातोडी, गंज सोडवणारं तेल, सुतळीचे दोन मोठे गुंडे आणि हातमोजे.

दारावर नाही म्हणणारा माणूस बसवा. तडकलेली फ्रेम, गंजून चाळण झालेला सांगाडा, बॅटरीची ई-सायकल घ्यायची नाही. लिथियम बॅटरी जहाजावर धोकादायक मालात मोडते. पंक्चर, तुटकी ब्रेकची वायर, फाटकी सीट चालते. प्रत्येक सायकलीमागे १०-२० डॉलर वाहतूक खर्चासाठी मागा, आणि तेही जाहिरातीतच छापा. दारात मागितले की लोकांचा चेहरा पडतो.

आता पायडल. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, आणि नवे स्वयंसेवक हमखास इथेच अडतात: जोर लावून सोडवायच्या ऐवजी आवळत बसतात. लक्षात ठेवायला सोपं असं की पाना वरच्या बाजूला उभा धरा आणि त्याचं टोक मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पायडलं तशीच सुटतात. अडलंच तर तेल सोडा, सायकल बाजूला ठेवा, दहा मिनिटांनी परत बघा. पाना घसरला तर बोटं थेट पुढच्या दातेरी चक्राच्या दातांवर जातात, म्हणून चेन पुढच्या सर्वांत मोठ्या चक्रावर चढवून ठेवा.

काढलेली पायडलं बादलीत टाकू नका. लहान मुलांच्या आणि एकसंध क्रँकच्या (दोन्ही पायडलांचे दांडे एकाच सळईचे असलेल्या) सायकलींना अर्ध्या इंचाची, बाकीच्यांना ९/१६ इंचाची पायडलं लागतात; एकाची दुसऱ्याला बसत नाहीत. जोडी सुतळीत ओवा आणि त्याच सायकलीच्या फ्रेमला, आतल्या बाजूने, आवळून बांधा. लोंबतं पायडल शेजारच्या सायकलीचे स्पोक मोडतं.

हँडल काढायचं नाही, फिरवायचं. जुन्या पद्धतीच्या हँडलाचा वरचा बोल्ट तीन-चार आटे सैल करा आणि त्यावर रबरी हातोडी मारा, म्हणजे आतली पाचर सुटते. बोल्ट पूर्ण काढलात तर पाचर नळीत पडेल. नव्या सायकलींत बाजूचे दोन बोल्टच सैल करायचे. वरच्या टोपीला हात लावू नका आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) उचलून काढू नका, नाहीतर पुढचं चाक धरणारा चिमटा खाली घसरतो. हँडल पुढच्या चाकाच्या रेषेत आलं की बोल्ट हलकेच परत आवळा. वायरी ताणल्या जात असतील तर दुसऱ्या बाजूला फिरवा. सीट पूर्ण खाली करा. न हलणारी सीट तशीच जाऊ द्या, दांडी कापू नका. पुढची बास्केट, मुलांची सीट आणि आधाराची छोटी चाकं मात्र काढावीच लागतात. टायरमध्ये थोडी हवा असू द्या, रिम वाचते.

कंटेनरपर्यंत नेणाऱ्या ट्रकमध्ये सायकली उभ्याच रचा: एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे. हँडलं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. गिअरची बाजू शेजारच्या स्पोकांना टेकू देऊ नका. मोठ्या सायकली आधी, लहान सायकली वरच्या पोकळीत. रचणारा एकच माणूस ठरवा. तिघांनी सल्ले दिले की दर रांगेत चार सायकलींची जागा जाते.

यादीत नंबर आणि प्रकार (मोठी, लहान मुलांची, गिअरची) एवढं पुरे. मोजणी चढवताना करा, दारावर नको, कारण नाकारलेल्या सायकलीही तिथे मोजल्या जातात. ट्रकचं दार लावण्याआधी पार्किंगमधून एक फेरी मारा. सुटं पायडल सापडलं, तर ज्या सायकलीचं ते आहे ती शोधून बांधून द्या.