गावात पावसाळी भाज्यांचा मेळावा करायचाय? आधी तारीख ठरवू नका

गोव्यात हल्ली गावोगावी रानभाज्यांचे मेळावे व्हायला लागलेत, मला मनापासून आनंद होतो बघून. पण बऱ्याच ठिकाणी आधी हॉल बुक होतो, मग पाहुणे ठरतात, बॅनर छापून येतो आणि शेवटच्या आठवड्यात कुणीतरी विचारतं की अरे भाज्या कुठून आणायच्या. मग 15 ऑगस्टला सुट्टी आहे म्हणून मेळावा ठेवतात आणि टायकिळ्याची म्हणजे टाकळ्याची भाजी करायला जातात, तोवर टायकिळा कमरेएवढा वाढून निबर झालेला असतो, आणि पहिल्यांदाच खाणारा पोरगा म्हणतो कडू लागते, नको. त्यात त्या पोराची काय चूक?

म्हणून पहिलं काम म्हणजे वाड्यावरच्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या, दोन-तीन म्हाताऱ्या बायकांना गाठायचं. प्रत्येक गावात अशी एखादी आजी किंवा काकी असतेच जी पाऊस पडल्यावर बांधावर चक्कर मारून येते आणि तिला बरोबर माहीत असतं काय कधी येणार. तिला विचारा आणि ती सांगेल त्या आठवड्याला मेळावा धरा, रविवार त्यातला जवळचा घ्या.

साधारण हिशोब असा. पहिल्या पावसाबरोबर लुती, म्हणजे रानसुरणाचे कोवळे कोंब, येते, ती काही दिवसांचीच पाहुणी. जूनच्या शेवटापासून जुलैभर टायकिळा, कुड्डूक म्हणजे कुरडू, तेरं म्हणजे रानटी अळू, आणि खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याजवळच्या बांध घातलेल्या शेतीच्या, कडेला आकूर हे नेचं. पुढे बांबूचं कीर्ल म्हणजे कोवळा कोंब, आणि फागलां म्हणजे करटुली. श्रावण लागला की चित्र बदलतं, हळदीची पानं मोठी होतात, मळ्यातली तवशी म्हणजे काकड्या, दोडकी, भेंडी, चिबूड यायला लागतात. म्हणजे पालेभाज्या मुख्य ठेवायच्या असतील तर आषाढात करा आणि हळदीच्या पानात उकडलेल्या गोड पातोळ्या, तवशाचं तवसळं, भरलेली फागलां असं काही करायचं असेल तर नागपंचमी ते चवथ म्हणजे गणेश चतुर्थी या मधल्या दिवसांत करा, दोन्ही एकाच दिवशी जमवायचा हट्ट नको. चवथीच्या आधीचा आठवडा मात्र टाळाच, त्या दिवसांत घरोघरी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-पानं बांधतात त्या चौकटीची, गडबड असते, एकही बाई तुम्हाला मोकळी मिळणार नाही. आणि शेजारच्या गावांत कणसाचं फेस्त, म्हणजे चर्चचा नव्या पिकाचा सण, कधी आहे तेही बघा, राय गावात ते 5 ऑगस्टला असतं, नवीन भाताची कणसं आशीर्वादाला नेतात. त्या दिवशी आपलं वेगळं काही ठेवून लोक विभागण्यापेक्षा त्यांच्याशी बोलून घेतलं तर उलट मदतच होते. पातोळ्या तर नागपंचमीला आपल्याकडे होतात आणि 15 ऑगस्टच्या फेस्ताला ख्रिश्चन घरांतही होतात, त्यामुळे दोन्हीकडच्या बायका शेजारी शेजारी बसून करताहेत असा एक कोपरा ठेवला तर लोक तिथून हलत नाहीत. कोण पीठ जाड लावतं, कोण चुनात म्हणजे आतल्या सारणात वेलची घालतं, कोण फक्त गूळ-खोबरं, यावर जी चर्चा रंगते ना, ती ऐकायलाच यावं.

आता भाजी गोळा करण्याबद्दल. इथे मी थोडा कडक आहे. अभयारण्यातून काही आणायचं नाही, विषय संपला. आपल्याला लागतं ते पोरसात म्हणजे परसबागेत, बांधावर, कुळागराच्या म्हणजे माड-सुपारीच्या बागेच्या कडेला भरपूर मिळतं. अळमी म्हणजे रानातली भूछत्रं तर मी मेळाव्यात ठेवूच नका म्हणेन. वारुळावर येणारी ही अळमी वाळवीशिवाय वाढत नाही, लागवड करून मिळत नाही, आणि भाव इतका मिळतो की लोक उमलायच्या आधीच सगळी काढतात, वारूळसुद्धा खणतात. मेळाव्यासाठी मागणी वाढवली तर त्यात भरच पडेल. फोटो लावा, माहिती सांगा, वारूळ खणू नये हे सांगा, ताटात नको.

ओळख पटवणं ही दुसरी गोष्ट. एक टेबल फक्त ओळखीसाठी ठेवा, त्यावर मुळासकट, पानासकट झाड, कुंडीत असलं तर अजून बरं, आणि त्याच्यामागे खुर्चीवर ती आजी. पोस्टर वाचून कुणी शिकत नाही, आजी पान चुरून नाकाशी धरते तेव्हा लक्षात राहतं. नियम असा ठेवा की गावातल्या दोन जाणत्या माणसांनी बघून होय म्हटल्याशिवाय कुठलीही रानातली वस्तू शिजवायची नाही, विकायचीही नाही. माटोळीच्या वस्तू मांडणार असाल तर तिथे स्पष्ट लिहा, कारण माटोळीला बांधतात ते सगळं खायचं नसतं, कवंडाळ कितीही लालभडक सुंदर दिसलं तरी ते खायचं फळ नाही. लहान मुलं हात लावतात, तोंडात घालतात.

स्वयंपाक करणाऱ्यांनाही काही गोष्टी आठवण करून द्याव्या लागतात, विशेषतः नव्या पिढीतल्यांना. टायकिळा सकाळी खुडायचा, संध्याकाळी त्याची पानं मिटतात, मग कोवळं कुठलं ते कळत नाही. फक्त वरची कोवळी पानं घ्यायची, बारीक चिरायची आणि उकडलेल्या फणसाच्या आठळ्या, कांदा, मिरची, वरून भरपूर ओलं खोबरं. तेरं आणि लुती खाजवतात, त्यामुळे आंबट घातल्याशिवाय शिजवायचं नाही, आंबाडे, सोलां म्हणजे आमसुलं किंवा चिंच काहीतरी हवंच, आणि चिरताना हाताला तेल. कीर्ल बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं, मधे एकदोनदा बदललं तर उत्तम. हे करायचा कंटाळा असेल तर कीर्ल करू नका, कच्च्या कोंबात विष असतं आणि गावजेवणात धोका पत्करायचा नसतो.

जेवणाचा मुख्य पदार्थ म्हणून माझं मत खतखत्याला. कारण सोपं आहे, प्रत्येक घरातून एक एक भाजी आणायला सांगता येते, सुरण, कणगां, नीरफणस, दुधी, भोपळा, मुळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस, जे पोरसात असेल ते. कांदा-लसूण नाही त्यामुळे श्रावणात कुणाची अडचण नाही. एका मोठ्या टोपात तूरडाळ शिजवायची, कडक भाज्या आधी, मऊ मागाहून, मग वाटलेलं खोबरं-मिरची-हळद, सोलां, गूळ. आणि तिरफळं शेवटी. तिरफळाची आतली काळी बी काढून टाकायची, साल फक्त जराशी ठेचायची, वाटायची नाही, पाण्यात भिजवून टोप उतरायच्या आधी ओतायची आणि लगेच झाकण. ते झाकण पाच मिनिटांनी उघडल्यावर मांडवभर जो वास सुटतो त्याच्यापुढे तुमचं बॅनर-बिनर सगळं फिकं. सोबत उकडा भात, सोलकढी, एक पालेभाजी, एक लोणचं, बस. बावीस पदार्थांचं बुफे करायचं नाही, त्यात अर्धं वाया जातं आणि बायका दिवसभर चुलीपुढून उठत नाहीत. उकडा तांदूळ शक्यतो गावातलाच घ्या, खाजनातला कोरगुट मिळाला तर सोन्याहून पिवळं, खाऱ्या पाण्याला दाद न देणारं हे भात आता मोजकेच लोक करतात आणि आपण विकत घेतलं तरच ते पुढे करतील.

पैशांबद्दल मोकळेपणी बोलू. ज्या बायका भाज्या आणून देतात त्यांना निम्मे पैसे आगाऊ द्या. पावसात भिजून, जळवा काढत त्या ते खुडतात आणि मग आयोजक म्हणतात आपल्याच गावचा कार्यक्रम आहे ना बाय, असं करू नका प्लीज. बाजारात वाट्याला जो भाव आहे तो तरी द्यायचाच. स्वतः पिकवलेलं विकणाऱ्याकडून स्टॉलचे पैसे घेऊ नका, बाहेरून पाकिटबंद माल आणणाऱ्याकडून घ्या किंवा त्यांना बोलावूच नका, माझा कल दुसऱ्याकडे. काणकोणातल्या खोल्याची मिरची, आगळ म्हणजे कोकमाचा रस, सोलां, माडाचा गूळ असलं आपलं असेल तर जागा आधी त्यांना. जेवणाचं कुपन ठेवा पण वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना फुकट.

जागा छप्पर असलेलीच. देवळाचा सभामंडप, शाळेचा हॉल, पंचायतीचं सभागृह. ताडपत्रीच्या भरवशावर जुलैमध्ये कार्यक्रम करायचा नाही, आणि वीज जाणार हे धरूनच चाला, म्हणजे वेळ सकाळी 9 ते दुपारी 2, माइक नसला तरी चालेल असं आखा. भाषणं एकदम कमी, आमदार आले तर दोन शब्द आणि ताट. पंचायतीची परवानगी आधीच घ्या, आणि कायम खाद्यपदार्थ विकणारे जे स्टॉलवाले आहेत त्यांची अन्नसुरक्षेची नोंदणी आहे का बघून घ्या. प्रचारासाठी व्हॉट्सअॅप ठीक आहे पण सगळ्यात चांगलं म्हणजे पदेराला, पाववाल्याला सांगायचं, सकाळी सायकलवरून पोये घेऊन तो घराघरात जातो, दोन दिवसांत अख्ख्या गावाला कळतं. देवळाच्या आणि चर्चच्या फलकावर एक एक कागद लावला की झालं.

प्लॅस्टिक नको हे सांगायला नकोच पण ते निभवायचं कसं ते सांगतो. केळीची पानं कुळागरवाल्याकडून आदल्या संध्याकाळी, पुसून ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवायची, फाटत नाहीत. पाण्यासाठी पेला घरून आणा असं आमंत्रणातच लिहा, तरी थोडे स्टीलचे पेले जवळ असू द्या, विसरणारे असतातच. दोन पोरांना फक्त उष्ट्याच्या बादल्यांवर ठेवा, म्हणजे पानं आणि उरलेलं वेगळं राहतं, आणि ते तिथल्या तिथे जवळच्या माडांच्या आळ्यांत जातं.

मेळावा चांगला झाला की लोक विचारतात पुढचा कधी. तेव्हा पावसाळ्यालाच चिकटून राहू नका. दिवाळीला घरोघरी फोव म्हणजे पोहे होतातच, दुधातले, ताकातले, रसातले, तर तेव्हा सरदाच्या म्हणजे पावसाळी पिकाच्या नव्या भाताचे फोव कांडायचं प्रात्यक्षिक ठेवा. मार्चमध्ये ओले काजू आणि नीरो म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस. मे महिन्यात पुरुमेंताचा म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचा बाजार, सुकी मिरची, सोलां, चिंच, कांद्याच्या माळा, सुकं नुस्तं म्हणजे सुकी मासळी, आणि त्याच्याच शेजारी बियाण्यांची देवाणघेवाण, कारण पेरणी पुढे आहे. दोडक्याचं, तवशाचं, भेंडीचं बी घरात राखेत घालून ठेवणाऱ्या बायका अजून आहेत. कागदाच्या पुड्या करा, त्यावर बियाण्याचं नाव, कुणाच्या पोरसातलं, आणि कधी पेरायचं एवढं लिहा. घेणाऱ्याने पुढच्या वर्षी दुप्पट परत आणायचं अशी अट घाला, आणि कोणी काय नेलं त्याची एक वही ठेवा, ती वही ज्यांच्याकडे बियाणं असतं त्या काकीकडेच द्या, कमिटीच्या कपाटात नको.