'सातातून पाच' : आधी पर्याय झाका

चीनच्या गाओकाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत इंग्रजी वाचनाच्या शेवटी एक उतारा असतो: पाच वाक्यं गाळलेली, खाली सात पर्याय, दोन फालतू. प्रत्येक जागेला अडीच गुण. मुलं थेट पर्यायांवर तुटून पडतात आणि सातही वाक्यं बरोबरच वाटायला लागतात.

सराव करताना असं करून बघा:

१. पर्यायांवर कोरा कागद ठेवा आणि उतारा सलग वाचा.

२. प्रत्येक रिकाम्या जागेपाशी पेन्सिलीने एकच शब्द लिहा: कारण, उदाहरण, उलट मुद्दा, शीर्षक. चिनी भाषेत लिहिला तरी चालेल.

३. मागचं-पुढचं वाक्य नीट बघा. खरी मेख इथेच असते. पुढचं वाक्य 'दे ऑल्सो कूल द स्ट्रीट' असेल, तर गाळलेल्या वाक्यात झाडांसारखं अनेकवचनी नाम हवं आणि त्यांचा एखादा फायदा आधीच आलेला हवा. 'ऑल्सो' तेच सांगतो. 'हाउएव्हर', 'धिस' यांच्याखालीही रेघ मारा.

४. आता कागद काढा. ज्या जागेची खात्री आहे ती आधी भरा, क्रमाने जायचा हट्ट नको.

उताऱ्यातला शब्द पर्यायात दिसला म्हणून लगेच तो निवडू नका. फालतू पर्यायांतही असे शब्द मुद्दाम पेरलेले असतात. उरलेली दोन वाक्यं पाचही जागी एकदा घालून बघाच, कारण एक उत्तर चुकीच्या जागी गेलं की बहुधा दुसरंही चुकतं आणि पाच गुण जातात.