मैदानात जिंकून टेबलावर हरू नका: कॉलेजच्या खेळाडूंनो, या चुका टाळा

"सर, एलिजिबिलिटी झाली."

या तीन शब्दांनी आमच्या कॉलेजचा एक अख्खा हंगाम खाल्ला. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी होती. रात्रभर पाऊस पडून गेलेला, म्हणून हॉलमध्ये मॅट घातलेली. आमचा सगळ्यात भरवशाचा चढाईपटू गुडघ्याला पट्टी बांधून तयार उभा, आणि टेबलावरचे सर अर्जांची चळत पुन्हा पुन्हा चाळतायत. खेळाडू बारा, अर्ज अकरा.

आठवडाभर आधी मैदानाच्या या टोकावरून मीच ओरडून विचारलं होतं, "एलिजिबिलिटी झाली का रे?" त्यानं त्या टोकावरून "सर, एलिजिबिलिटी झाली" म्हणत अंगठा दाखवला. पोरगा खोटं बोलला नव्हता. प्रवेश घेताना ऑफिसच्या खिडकीवर विद्यापीठाचा जो एलिजिबिलिटी फॉर्म भरतात, तो त्यानं भरला होता. जिमखान्यात मिळतो तो खेळाडूचा पात्रता अर्ज वेगळा: फोटो, दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख, बारावी कधी झाली, यंदा कुठल्या वर्गात, मागच्या वर्षी कुठून खेळला, आणि खाली प्राचार्यांची सही-शिक्का. दोन्हीला तोंडी नाव एकच, 'एलिजिबिलिटी'. त्याला बाकावर बसवून खेळलो आणि तीन गुणांनी हरलो. त्याच्या तीन चढाया पुरल्या असत्या. चूक निम्मी माझी. तेव्हापासून मी "झाली का?" असं विचारतच नाही, "दाखव" म्हणतो.

जिमखान्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळलंय, की नाशिकच्या पोरांचं नुकसान सरावात कमी पडल्यामुळे फारसं होत नाही. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे पाचला थंडीत पळणारी ही पोरं. नुकसान होतं ते "सर बघतील" या दोन शब्दांमुळे.

नावातलं एक अक्षर

अर्ज भरताना आधार कार्ड समोर ठेवू नका, दहावीचं प्रमाणपत्र ठेवा. दहावीवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, बँकेत वडिलांचं नाव गायब, असा आपल्याकडे सगळा कारभार. स्पर्धेचं प्रमाणपत्र छापताना नाव पात्रता अर्जावरून उचलतात. तिथे एक वेलांटी चुकली तर त्या दिवशी कुणालाच काही वाटत नाही. पदक गळ्यात असतं, फोटो काढायचे असतात.

चटका बसतो चार-पाच वर्षांनी. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याचा लाभ घ्यायचा तर क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात निघाल्यापासून तिथे कागद बारकाईनं बघतात, आणि बघायलाच हवेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रमाणपत्रावर 'शिंदे'चं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं होतं. भरतीची तारीख तोंडावर, नि ती जुन्या स्पर्धेचा निकालतक्ता शोधत चार दारं फिरत होती. म्हणून प्रमाणपत्र हातात पडलं की स्टेजवरून उतरतानाच वाचा. दुरुस्ती त्याच आठवड्यात सोपी असते.

आणखी एक: २०१४ पासून आपल्या विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. बोलताना पुणे विद्यापीठ म्हणा, अर्जात पूर्ण नाव लिहा.

"मी तर रेग्युलर आहे" असं वाटणारे

आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या, म्हणजे एआययूच्या नियमांनी होतात. त्यातल्या चार अटींवर आपली मुलं सर्वांत जास्त अडखळतात. १ जुलैला वय १७ ते २५ च्या मध्ये हवं. पदवीच्या पहिल्या प्रवेशासाठी पात्र करणारी परीक्षा, म्हणजे बहुतेकांची बारावी, पास होऊन ८ वर्षांहून जास्त काळ लोटलेला नको. प्रवेश पक्का हवा, तात्पुरत्या प्रवेशावर खेळता येत नाही. आणि पूर्णवेळ नोकरी नको. नियमांत अधूनमधून बदल होतात, तेव्हा मागच्या बॅचच्या दादानं काय सांगितलं यावर जाऊ नका, चालू वर्षाची नियमावली काढून वाचा.

नोकरीची अट नाशिकमध्ये फार बोचते. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्ट करून शिकणारी कितीतरी मुलं आपल्या वर्गात आहेत. पहिली शिफ्ट करायची, दुपारी लेक्चर गाठायचं, संध्याकाळी मैदान. या मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पीएफ कापला जाणारी पूर्णवेळ नोकरी असेल आणि अर्जावर 'नोकरी नाही' लिहिलं असेल, तर सही तुमची असते. आक्षेप घेणारा बहुधा तुमच्याच शिफ्टमधला, दुसऱ्या कॉलेजचा खेळाडू निघतो. आणि अपात्र खेळाडू खेळवला म्हणून फटका एकट्याला बसत नाही, संघाचा निकाल जाऊ शकतो. अर्धवेळ काम असेल तर तसं पत्र मालकाकडून आधीच घ्या, सरांना दाखवा, मग सही करा.

दुसरा गुंता खास आपल्या शहराचा. गंगापूर रोड, कॉलेज रोडची बहुतेक कॉलेजं पुणे विद्यापीठाची. गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ, त्र्यंबक रोडला खासगी विद्यापीठ. एका गावात इतकी विद्यापीठं, आणि २०२२ पासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिलेली. कॉलेजात बीए आणि जोडीला मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम, हे आता सर्रास आहे. अभ्यासाला हरकत नाही. खेळताना मात्र एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून. जर्सी मित्रासाठी म्हणून घातली तरी ती घातलीच.

कोणाचं दार वाजवायचं?

विद्यापीठाची रचना मुलांना कुणी समजावून सांगत नाही, मग निवड चाचणीत डावललं की पोरगा थेट नगरसेवकाला फोन लावतो. (नगरसेवकही प्राचार्यांना फोन लावतो, हे वेगळं. त्यानं संघात जागा मिळालेली मी अजून पाहिली नाही. वर्षभर सरांची नाराजी मिळालेली पाहिलीय.)

साखळी अशी आहे. कॉलेजचा संघ निवडतो जिमखाना, प्राचार्यांच्या अधिकारात. कॉलेज-कॉलेजच्या स्पर्धा नाशिक विभागाच्या क्रीडा समितीकडे. त्यातून निवडलेला विभागाचा संघ आंतरविभागीय स्पर्धेत पुणे, नगरच्या संघांशी खेळतो आणि मग विद्यापीठाचा संघ ठरतो. हे काम विद्यापीठाच्या क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाचं. पुढे पश्चिम विभाग, अखिल भारतीय, शिवाय राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव. ही वाट कुठवर जाते ते नाशिकच्या संजीवनी जाधवनं दाखवलं. २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिनं १०,००० मीटरमध्ये रौप्य घेतलं.

या सगळ्याला पाया आहे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ चा, जो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यार्थी परिषद, कॉलेजची विकास समिती, सगळं त्यात आहे. खेळाची जिल्हा संघटना या साखळीत नाही. संघटनेच्या स्पर्धेतला वाद विद्यापीठ सोडवत नाही आणि विद्यापीठाचा वाद संघटना सोडवत नाही. हे दोन्ही सरमिसळ करून लिहिलेले अर्ज दोन्हीकडे पडून राहतात.

सामन्यातल्या निर्णयाचं दार तर आणखी वेगळं, आणि ते लवकर बंद होतं. ॲथलेटिक्समध्ये निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत आक्षेप नोंदवावा लागतो. त्या अर्ध्या तासात आपली पोरं व्हिडिओ स्टेटसला टाकत असतात. कबड्डीत पंचांशी हुज्जत घातली तर हिरवं कार्ड, मग पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, मग लाल. बोलायचं ते कर्णधारानं किंवा प्रशिक्षकानं. बाकीच्यांनी पाणी प्यावं.

"आमच्यात असंच चालतं"

शिबिरात ज्युनिअरनं सिनिअरचे बूट घासायचे, किट धुवायचं, रात्री अकराला खाली जाऊन भुर्जी-पाव आणायचा. नाही म्हटलं तर सरावात मुद्दाम पायावर टॅकल. याला आमच्या वेळी 'संघभावना' म्हणत. मीही सिनिअरची किट धुतली आहे, आणि पुढे कुणाकडून तरी धुऊन घेतलीही आहे. सांगायला लाज वाटते.

कायद्याच्या भाषेत हे रॅगिंग आहे. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा. दोन वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलेल्याला ५ वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. वरच्या ८ वर्षांच्या अटीशेजारी ही पाच वर्षं मांडून बघा, मग खेळायला किती उरतात ते कळेल. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मोफत क्रमांक आहे.

मुलींसाठी, आणि मुलींच्या संघासोबत जाणाऱ्या प्रत्येकासाठी एक गोष्ट. "ते तर कॉलेजबाहेर झालं, कॉलेज काय करणार?" हे उत्तर चुकीचं आहे. लैंगिक छळाबाबत यूजीसीचे २०१५ चे नियम 'परिसर' या शब्दात प्रवास, शिबिरं आणि क्रीडा स्पर्धांची ठिकाणंही धरतात. बसमध्ये झालं, परगावच्या लॉजवर झालं, तरी कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. मुदत साधारण तीन महिन्यांची. स्पर्धा संपेपर्यंत गप्प राहा असं सांगणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही.

हजेरीचं थोडक्यात: ७५ टक्क्यांचा नियम खेळाडूलाही आहे. सवलत मिळते, पण स्पर्धेला जाण्याआधी दिलेल्या पत्रावर. परत आल्यावर चिकटवलेल्या पत्रावर विभागप्रमुख सही करतातच असं नाही, आणि त्यांचंही चुकत नाही.

जिममधल्या दादाचा डबा

पावडर देणारा जिममधला दादा तुमची डोप टेस्ट द्यायला येत नाही. उत्तेजकांच्या नियमात शरीरात सापडलं म्हणजे जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नाही, हे शिक्षा ठरवताना बघतात, पण दोष आधी तुमच्या नावावर लागतो.

कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदोवाल्यांनी खास ऐकावं. वजन उतरवायला लघवीची गोळी घेणं हा आखाड्यातला जुना उद्योग. फ्युरोसेमाइडसारखी ही औषधं बंदीच्या यादीत आहेत. गाऊटवर दिलं जाणारं प्रोबेनेसिडही आहे, कारण ते दुसऱ्या द्रव्यांची खूण लपवतं. दुखऱ्या गुडघ्यात स्पर्धेच्या तोंडावर घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शनही अडचणीत आणतं. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा, "मी स्पर्धा खेळतो." नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्थेच्या, 'नो युवर मेडिसिन' ॲपवर औषधाचं नाव टाकून बघा. उपचारासाठी औषध लागणारच असेल तर सवलतीचा अर्ज आधी करता येतो. यादी दर १ जानेवारीला नवी लागू होते.

आणि पळू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे लोक आल्याचं कळताच १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला होता. नमुना द्यायचं टाळणं हाच वेगळा गुन्हा आहे आणि त्याला चार वर्षांपर्यंत बंदी आहे.

तक्रार करायचीच असेल तर

कॉलेज बदलायचंय, पण जुनं कॉलेज चांगला खेळाडू जातोय म्हणून टीसी आणि मूळ कागद अडवून धरतं, ही दरवर्षीची कथा. यावर यूजीसीचे एप्रिल २०२३ चे तक्रार निवारण नियम लागू होतात, कागदपत्रं अडवणं त्यात स्पष्ट येतं. विद्यार्थी तक्रार निवारण समितीनं १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो, समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठानं विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील. या समितीवर विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी असतो आणि तो खेळातल्या कामगिरीवरूनही नेमता येतो. आपल्या कॉलेजात तो कोण आहे, विचारून बघा. बहुतेक जण डोकं खाजवतील.

अर्ज एका पानाचा लिहा. काय झालं, कोणत्या तारखेला, काय हवंय. 'माझ्या भविष्याशी खेळ' वगैरे काढून टाका. दोन प्रती न्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. खिडकीवरचे भाऊ "ठेवून जा, देतो सरांना" म्हणतील. ठेवून जायचं नाही. "साहेब, चहा पिऊन या, मी थांबतो" म्हणायचं आणि बाकावर बसायचं.