सी शार्पमध्ये कॉन्स्ट कुठे चालतो, रीडओन्ली कुठे लागतो

१४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्री वाशी, ऐरोली, आनंदनगर, मुलुंडचा एलबीएस रस्ता आणि दहिसर या मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. त्याआधी कारला ४५ रुपये पडत. आता समजा, ठाण्याहून मुंबईला जाणाऱ्या टॅक्सींचं भाडं काढणारं एक ॲप आहे. ते सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय. टोलचा आकडा 'दर' नावाच्या वेगळ्या लायब्ररीत (दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या कोडच्या संचात) पब्लिक कॉन्स्ट म्हणून, म्हणजे बाहेरच्या कोडलाही दिसणारी न बदलणारी किंमत म्हणून ठेवलाय. लायब्ररी सांभाळणाऱ्यांनी ४५चं ० केलं, नवी डीएलएल (लायब्ररीची बिल्ड झालेली फाइल) सर्व्हरवर टाकली, ॲप बंद करून पुन्हा सुरू केलं. तरीही बिलात ४५ लागतातच.

कारण कॉन्स्टची किंमत कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन) वापरणाऱ्याच्या कोडमध्ये थेट उतरवून ठेवतो. ॲप बिल्ड झालं तेव्हाच ४५ त्याच्या पोटात गेले. चालताना ते लायब्ररीला विचारतही नाही. स्टॅटिक रीडओन्लीचं तसं नाही. ते खरंखुरं फील्ड असतं, म्हणजे किंमत ठेवायची जागा, अख्ख्या क्लाससाठी एकच आणि एकदाच भरायची. त्याची किंमत प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररीतून वाचली जाते.

हे स्वतः करून बघावं, दहा मिनिटांचं काम आहे. एक क्लास लायब्ररी आणि तिचा रेफरन्स घेतलेलं एक कन्सोल ॲप बनवा. लायब्ररीत दोन पब्लिक इंट ठेवा, एक कॉन्स्ट आणि एक स्टॅटिक रीडओन्ली, दोन्ही ४५. ॲप दोन्ही छापेल असं लिहा आणि सगळं बिल्ड करा. मग दोन्ही किमती ० करून फक्त लायब्ररी बिल्ड करा, तिची डीएलएल ॲपच्या बिन फोल्डरमधल्या जुन्या डीएलएलवर कॉपी करा आणि तिथली एक्झी थेट चालवा. 'डॉटनेट रन' इथे वापरू नका. तो आधी ॲपच पुन्हा बिल्ड करतो आणि फरक दिसतच नाही. छापून येईल ४५ आणि ०. आयएलस्पाय या बिल्ड झालेला कोड उलगडून दाखवणाऱ्या साधनात ॲप उघडून आयएल (कंपायलरनं तयार केलेला मधल्या पातळीचा कोड) बघितलं तर कॉन्स्टच्या जागी नुसता ४५ हा आकडा लोड होताना दिसेल, रीडओन्लीच्या जागी फील्डचं नाव.

म्हणून कॉन्स्ट पब्लिक करण्याआधी विचारायचं ते हे: ही किंमत कधीतरी बदलू शकते का? तासाची ६० मिनिटं बदलणार नाहीत; टोल, जीएसटीचा दर, सर्व्हरचा पत्ता, आवृत्तीचा क्रमांक बदलतात. प्रायव्हेट कॉन्स्ट मात्र बिनधास्त वापरा. तो त्याच असेंब्लीत (एकत्र बिल्ड होणाऱ्या डीएलएल किंवा एक्झीत) राहतो, त्यामुळे वापरणारा कोड त्याच्यासोबतच कंपाइल होतो.

उलटही घडतं. किंमत कधीच बदलणार नसते, तरी कॉन्स्ट करता येत नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला आली. ही तारीख आता कोण बदलणार? पण डेटटाइम या तारीख-वेळेच्या प्रकाराचा कॉन्स्ट लिहिलात तर कंपायलरची सीएस०२८३ ही चूक येते. कॉन्स्टला संख्या, बूल (खरं किंवा खोटं), कॅरॅक्टर (एक अक्षर), स्ट्रिंग (मजकूर) आणि ईनम (नावं दिलेल्या ठरावीक किमती) एवढेच प्रकार चालतात. इतर रेफरन्स प्रकारांना फक्त नल, म्हणजे 'काहीच नाही'. तारखेला स्टॅटिक रीडओन्लीच लागतं.

स्टॅटिक नसलेलं रीडओन्ली फील्ड प्रत्येक ऑब्जेक्टचं स्वतंत्र असतं. ते जाहीर करतानाच किंवा कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) भरायचं. नंतर एखाद्या मेथडमध्ये हात लावलात तर सीएस०१९१. टोलला खरी योग्य जागा इथेच आहे असं आमचं मत आहे: दर आणि तो लागू होण्याची तारीख डेटाबेसच्या टेबलात ठेवा, आणि फेरीचा ऑब्जेक्ट तयार होताना त्या दिवसाचा दर कन्स्ट्रक्टरमधून द्या. स्टॅटिक रीडओन्ली एकदाच भरलं जातं. मध्यरात्री दर बदलला तर प्रोग्रॅम पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच आकडा चालतो.

रीडओन्लीचे दोन सापळे आहेत. पहिला यादीचा. रीडओन्ली लिस्टच्या जागी दुसरी लिस्ट ठेवता येत नाही, पण ॲड आणि क्लिअर खुशाल चालतात. ॲरेच्या घरांतली किंमतही बदलता येते. आतला मालही गोठवायचा तर इम्युटेबलॲरे वापरा. नुसतं आयरीडओन्लीलिस्ट म्हणून बाहेर दिलेली लिस्ट कास्ट करून परत लिस्ट करता येते, एवढं लक्षात असू द्या.

दुसरा सापळा क्रमाचा, आणि तो फार वेळ खातो. स्टॅटिक फील्ड फाइलमध्ये लिहिलेल्या क्रमानं भरली जातात. 'जाऊनयेऊन' म्हणजे टोलची दुप्पट ही ओळ टोलच्या ओळीच्या वर असेल, तर तिच्यात ० बसतो. कंपायलर हे मुकाट्यानं चालवून घेतो. आधार घेणारं फील्ड नेहमी खाली ठेवा. पार्शल क्लास अनेक फाइलींत पसरला असेल तर हा हिशेब स्टॅटिक कन्स्ट्रक्टरमध्ये न्या, कारण फाइलींमधला क्रम ठरलेला नसतो. कॉन्स्टला ही अडचण येत नाही.

जुना पब्लिक कॉन्स्ट स्टॅटिक रीडओन्ली करायचा असेल तर आधी त्याचे सगळे वापर शोधा. ॲट्रिब्यूटमध्ये (क्लास किंवा मेथडच्या वर चौकोनी कंसात लिहिलेल्या नोंदीत) वापरला असेल तर सीएस०१८२, पॅरामीटरची डिफॉल्ट किंमत म्हणून दिला असेल तर सीएस१७३६ येईल. स्विचच्या केसमध्येही तो चालणार नाही, तिथे इफ-एल्स लिहा. जुन्या ॲपमध्ये मात्र काहीच मोडल्यासारखं दिसत नाही, कारण त्यांच्या पोटातला आकडा अजून तसाच असतो. लायब्ररी वापरणारं प्रत्येक ॲप नव्या लायब्ररीसोबत एकदा पुन्हा कंपाइल करून तैनात करावंच लागतं.