जे-१ वर व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून अमेरिकेला जाताय? आधी डीएस-२०१९ नीट वाचा

तिकडच्या प्रोफेसरचं इन्व्हिटेशन लेटर आलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, मुंबईची व्हिसा डेट कधी मिळेल. पण खरं सांगू का, इंटरव्ह्यू हा यातला छोटा भाग आहे, जो काही घोळ व्हायचा तो बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी एका कागदावर होऊन बसलेला असतो आणि तो कागद म्हणजे डीएस-२०१९, तुम्ही जे-१ व्हिसाला पात्र आहात असं सांगणारा फॉर्म. नुसत्या इन्व्हिटेशन लेटरवर जे-१ व्हिसा (म्हणजे ठराविक मुदतीसाठी संशोधनाला, शिकवायला वगैरे जाणाऱ्यांचा एक्स्चेंज व्हिसा) मिळत नाही. हा फॉर्म युनिव्हर्सिटीचं इंटरनॅशनल ऑफिस सेविस नावाच्या सरकारी सिस्टीममधून काढतं, प्रोफेसरच्या हातात ते नसतं, त्यामुळे त्यांना रोज मेल टाकून उपयोग नाही, त्या ऑफिसमधल्या माणसाचा ईमेल मागून घ्या.

ऑफिस मागतं त्या गोष्टी साधारण ठरलेल्या: पासपोर्टची कॉपी, सीव्ही, शेवटच्या डिग्रीचं सर्टिफिकेट, इंग्रजी येतं याचा पुरावा (टेस्टचा स्कोअर नसेल तर बऱ्याचदा व्हिडिओ कॉलवर बोलून घेतात) आणि पैशाचा पुरावा. तिकडून पगार असेल तर ऑफर लेटर पुरतं. स्वतःच्या खर्चाने जाणार असाल तर दर महिन्याला किमान किती डॉलर दाखवायचे ते युनिव्हर्सिटी ठरवते, तेवढ्याचं बँकेचं इंग्रजीतलं लेटर लागतं, आणि कॉलेजकडून पगारी रजा मिळणार असेल तर तसं लेटरहेडवर लिहून घ्या, पगाराचा आकडा टाकून. एनओसीसाठी कॉलेज, संस्था, युनिव्हर्सिटी अशी फाईल फिरते तेव्हा ते काम सगळ्यात आधी सुरू करा, अमेरिकेपेक्षा जास्त वेळ इथेच जातो.

आता फॉर्म हातात आला, म्हणजे हल्ली सही केलेला पीडीएफ मेलवर येतो. प्रिंट काढा, खाली तुमची सही करा, पण त्याआधी एकेक रकाना वाचा.

पहिलं नाव. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी पद्धत, आणि पासपोर्टवर मधलं नाव बहुतेक वेळा गिव्हन नेमच्याच ओळीत असतं. तिकडच्या ऑनलाईन फॉर्ममध्ये मिडल नेमचा वेगळा रकाना बघून आपण काहीतरी भरतो आणि मग डीएस-२०१९ वर एक, पासपोर्टवर दुसरं. पासपोर्टच्या तळाशी त्या बाणांच्या खुणांच्या दोन ओळी असतात ना, तिथे जसं आहे तसंच सगळीकडे हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींनी जास्त लक्ष द्या, डिग्री माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा असेल तर मॅरेज सर्टिफिकेट किंवा राजपत्रातली नोंद सोबत ठेवा, आणि त्यातलं काही फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॅटेगरी. शॉर्ट-टर्म स्कॉलर असेल तर जास्तीत जास्त ६ महिने, त्याला पुढे मुदतवाढ नाही. रिसर्च स्कॉलर असेल तर ५ वर्षांपर्यंत राहता येतं, ऐकायला हेच भारी वाटतं आणि लोक म्हणतात हेच द्या. पण या कॅटेगरीवर तीन महिने जाऊन परत आलात आणि प्रोग्रॅम संपला की पुढचे २४ महिने तुम्हाला रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर म्हणून जे-१ वर परत जाता येत नाही, उरलेली चार-पावणेपाच वर्षं नंतर वापरू असं चालत नाही. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन महिने जायचं आणि पुढच्या वर्षी तिथेच पोस्टडॉक मिळायची आशा आहे, अशा माणसाने शॉर्ट-टर्मच घ्यावं. उलट सहा महिन्यांचे नऊ होतील असं जरा जरी वाटत असेल तर रिसर्च स्कॉलर घ्या. हे ऑफिस आपणहून विचारेलच असं नाही, तुम्हीच मेलमध्ये स्पष्ट लिहा. आणि आधीच्या १२ महिन्यांत तुम्ही ६ महिन्यांपेक्षा जास्त काळ जे स्टेटसवर राहिला असाल, अगदी जोडीदाराच्या मागे जे-२ वर (जे-१ वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) का असेना, तर रिसर्च स्कॉलर कॅटेगरी मिळायला अडचण येते, तेही आधीच सांगून टाका.

दोन वर्षं भारतात परत येऊन राहायची अट, ज्याला सगळे टू-ट्वेल्व्ह-ई म्हणतात, त्याबद्दल जुनी माहिती अजून फिरतेय. डिसेंबर २०२४ मध्ये स्किल्स लिस्ट (कोणत्या देशातल्या कोणत्या विषयांच्या लोकांना ही अट लागते, त्याची अमेरिकन सरकारची यादी) बदलली आणि भारताचं नाव त्यातून निघालं, त्यामुळे नुसत्या विषयामुळे ती अट आता लागत नाही. सरकारी पैसा असेल, म्हणजे फुलब्राइट-नेहरू वगैरे, तर मात्र लागते. व्हिसाच्या स्टिकरवर तसं छापलेलं असतं, पासपोर्ट परत आला की लगेच बघा आणि चुकीचं वाटलं तर तेव्हाच विचारा.

(फक्त एखादं लेक्चर द्यायला किंवा कॉन्फरन्सला जायचं असेल तर एवढा खटाटोप नको, बी-१ वर, म्हणजे बिझनेस व्हिजिटरच्या व्हिसावर, जाता येतं. मानधनही घेता येतं, पण एका संस्थेत ९ दिवसांपर्यंत आणि ६ महिन्यांत जास्तीत जास्त ५ संस्था.)

मग पैसे भरायचे. सेविसची आय-९०१ फी जे-१ साठी २२० डॉलर, ती पावती प्रिंट करून ठेवा, आणि व्हिसा ॲप्लिकेशनची फी १८५ डॉलर वेगळी. डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाईन अर्ज, भरताना सेविस नंबर डीएस-२०१९ वरून बघूनच टाका, एन पासून सुरू होतो. सोशल मीडियाची गेल्या ५ वर्षांतली सगळी हँडल्स द्यावी लागतात आणि जून २०२५ पासून एफ, एम (हे विद्यार्थ्यांचे व्हिसा) आणि जे वाल्यांना अकाउंट पब्लिक ठेवायला सांगितलंय. पटो न पटो, करावं लागतं.

मुंबईचा इंटरव्ह्यू बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये. मोबाईल आत नेता येत नाही, सोबत कोणी असेल तर त्याच्याकडे द्या. सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांनी सीव्ही, पेपर्सची यादी आणि तिकडे नेमकं काय काम करणार याचं एक पान, साध्या भाषेत, असं जवळ ठेवावं. कधीकधी २२१-जी ची स्लिप देतात आणि हेच कागद मागतात, ती स्लिप म्हणजे कायमचा नकार नव्हे, पण वेळ किती जाईल सांगता येत नाही. प्रोग्रॅमची तारीख जवळ यायला लागली तर ती उलटून जायची वाट न बघता युनिव्हर्सिटीकडून तारीख पुढे करून घ्या.

प्रोग्रॅम सुरू व्हायच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी अमेरिकेत शिरता येतं, त्याआधीचं स्वस्त तिकीट दिसलं तरी घेऊ नका. डीएस-२०१९, सेविसची पावती, इन्व्हिटेशन लेटर आणि पैशाचे कागद हँडबॅगमध्ये. चेक-इन बॅगेत टाकू नका, आणि एतिहादने अबूधाबीवरून जाणार असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, तेव्हा मोठी बॅग हाताशी नसते.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे सीबीपीच्या (अमेरिकेचं कस्टम्स आणि सीमा खातं) साईटवरून आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची नोंद, डाउनलोड करणं. त्यावर क्लास जे-१ च आहे ना आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच आहे ना, हे बघा. मग इंटरनॅशनल ऑफिसमध्ये चेक-इन. याला लोक हलकं घेतात, थेट लॅबमध्ये जाऊन कामाला लागतात, पण प्रोग्रॅम सुरू झाल्यावर ३० दिवसांच्या आत ऑफिसने सेविसमध्ये तुमची नोंद पक्की केली नाही तर रेकॉर्डच बाद होतं. तिकडचा पत्ता तेव्हाच द्या, नंतर घर बदललं तर १० दिवसांत कळवायचं.

इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून लागतो. नियमात आकडे दिलेले आहेत: एका आजारपणाला किंवा अपघाताला १ लाख डॉलर, मेडिकल इव्हॅक्युएशनला ५० हजार, मृतदेह परत पाठवायला २५ हजार, आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, ५०० च्या वर नको. आपल्याकडची ट्रॅव्हल पॉलिसी घेणार असाल तर हे चारही आकडे एजंटकडून लेखी घ्या, कारण तो "सगळं कव्हर आहे सर" एवढंच म्हणतो. कुटुंब सोबत असेल तर त्यांनाही हेच लागू. जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं जे-२ वर येतात, प्रत्येकाचा डीएस-२०१९ वेगळा, आणि जोडीदाराला काम करायचं असेल तर तिथे पोचल्यावर आय-७६५ भरून परमिट काढावं लागतं, ते हातात येईपर्यंत काम नाही.

पगार मिळणार असेल तर सोशल सिक्युरिटी नंबर काढा, पण उतरल्या उतरल्या नको, साधारण दहा दिवस जाऊ द्या म्हणजे सिस्टीममध्ये तुमची एंट्री दिसायला लागते. टॅक्सबद्दल एक कामाची गोष्ट, भारत-अमेरिका करारातल्या कलम २२ मध्ये शिकवायला किंवा संशोधनाला आलेल्यांना २ वर्षांपर्यंत सूट आहे, ती आपोआप लागत नाही, पेरोलकडे फॉर्म ८२३३ द्यावा लागतो. काहीच कमाई नसली तरी तिकडच्या टॅक्स खात्याकडे फॉर्म ८८४३ भरायचाच.

मध्येच दिवाळीला घरी यायचं असेल तर निघण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसकडून डीएस-२०१९ वर ट्रॅव्हलची सही घ्या, ती १ वर्ष चालते, शॉर्ट-टर्म वाल्यांची ६ महिने, आणि व्हिसाची मुदतही तेव्हाच बघा. प्रोग्रॅम संपल्यावर ३० दिवस मिळतात ते फिरायला आणि सामान आवरायला, त्या दिवसांत लॅबमध्ये काम करायचं नाही, आणि देशाबाहेर पडलात तर त्यावर परत आत येता येत नाही, त्यामुळे कॅनडाची ट्रिप प्रोग्रॅम चालू असतानाच उरकून घ्या.